वाणिज्याच्या वर्गातील अर्थशास्त्र

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात अर्थशास्त्र बहुधा ‘व्यावसायिक अर्थशास्त्र’ या नावाने येते, आणि मागणीचा अंदाज, उत्पादनखर्च, किंमतनिश्चिती यांबाबत उद्योगसंस्थेच्या निर्णयांना या शास्त्राने हातभार लावावा, ही अपेक्षा त्या विशेषणातच सामावलेली असते. ही अपेक्षा रास्त असली, तरी एकट्या उद्योगसंस्थेच्या नजरेतून पाहिल्यास या शास्त्राचा निम्माच भाग दिसतो.

स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात बसणाऱ्या किराणा दुकानदाराला वर्षअखेर सर्व खर्च वजा जाता ६ लाख रुपये उरले, असे समजू. नफा-तोटा पत्रकाच्या दृष्टीने हा निव्वळ नफा होय. तोच गाळा भाड्याने दिला असता तर अडीच लाख आणि इतरत्र नोकरी केली असती तर ४ लाख मिळाले असते, हे लक्षात घेतले की अर्थशास्त्राच्या हिशेबाने ५० हजारांचा तोटा निघतो. एक पर्याय स्वीकारताना हातचा जाणारा जो सर्वोत्तम पर्याय, त्याच्या मोलाला ‘संधी खर्च’ म्हणतात. या खर्चाची पावती कोणी फाडत नसल्यामुळे तो खतावणीत कधीच चढत नाही.

नफा मोजण्याची रीत अशी बदलते, तसाच तो पाहण्याचा कोनही बदलू शकतो. नव्या विक्रेत्याचा शिरकाव रोखणारे अडथळे कोणत्या बाजारात असतात आणि त्यामुळे तेथे अवाजवी नफा कसा टिकतो, याचा अभ्यास औद्योगिक अर्थशास्त्राने मुख्यतः मक्तेदारीला आळा घालण्याच्या धोरणासाठी केला. मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी’ या ग्रंथात तेच विवेचन उलट्या बाजूने वाचून, उद्योगसंस्थेने स्पर्धेपासून सुरक्षित अशी जागा कशी मिळवावी, हे सांगितले. सिद्धान्त एकच असला, तरी ग्राहकाला जो अडथळा जाचतो, तोच विक्रेत्याला तटबंदीसारखा उपयोगी पडतो.

वाणिज्य शिक्षणाला ही दुसरी बाजू परकी नाही. १९१३ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्राचे अध्यापन करीत होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा विनिमयदर घसरल्याने निर्यातदारांना होणारा लाभ देशाबाहेरून येत नसून, किमतींच्या मानाने मजुरी मागे राहिल्यामुळे तो देशातल्याच श्रमिकांच्या पदरातून जातो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. रुपया घसरल्यावर निर्यातदाराचा वाढीव नफा मांडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने तो कोणाच्या मिळकतीतून आला, याची नोंदही त्याच पानावर करावी, एवढे जरी साधले, तरी अर्थशास्त्राला त्या अभ्यासक्रमात दिलेली जागा सार्थकी लागेल.