सनद आणि वहिवाट

बायबलातील ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात मनुष्याला पृथ्वीवर जी सत्ता दिलेली आहे, तिला मालकीची सनद समजण्याची सवय ख्रिस्ती समाजाला इतकी जडली आहे की, दुसऱ्याच अध्यायात आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, ही अट वाचूनही न वाचल्यासारखी होते. ‘लेवीय’च्या पंचविसाव्या अध्यायात तर जमीन परमेश्वराची आणि माणसे तिच्यावर उपरी, असे स्पष्ट बजावले आहे, महसुली भाषेत बोलायचे तर मनुष्य मालक नव्हे, कूळ आहे.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच वहिवाट पुन्हा सांगितली आणि तिचे शिक्षण कुटुंबाबरोबर शाळेकडेही सोपविले. शाळांनी वृक्षारोपण केले, छायाचित्रे काढली. रोप पुढे जगले की नाही, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाही.

माझ्या मते ही राखण शिकविण्यासाठी नवा तास नको, जुनीच सातवी आज्ञा पुरेशी आहे: चोरी करू नकोस. वसईचेच पाहा. तेथील वाड्यांतील बावखले, म्हणजे तळी, पावसाचे पाणी साठवून भूमीत मुरवीत, विहिरी गोड राहत, आणि त्यांवर केळी व पानवेली पोसल्या जात. पुढे पंपांनी उपसा वाढला, टँकर भरले जाऊ लागले, बावखले बुजवून इमारती उठल्या आणि किनाऱ्याकडील विहिरींत खारटपणा शिरला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरला, तो वेदी सोडून राजकारणात गेला असे म्हणणारेही होते, परंतु भूमीखालचे पाणी कुंपण जाणत नाही, आणि स्वतःच्या विहिरीतून टँकर भरणारा शेजाऱ्याच्या विहिरीतूनही उपसतच असतो, हे ज्याला उमगले, त्याला हा पाण्याचा प्रश्न पापनिवेदनाच्या कक्षेबाहेरचा कसा वाटावा?

मुलांना हे शिकविणे अवघड नाही. अवघड आहे ते संध्याकाळी घरी जाऊन मूल जो प्रश्न विचारील तो. कारण पाणी विकणारा बाप पुष्कळदा त्याच शाळेचा उदार देणगीदारही असतो. तरीही मुख्याध्यापकांना आणि धर्मशिक्षकांना माझी विनंती आहे की, येत्या पावसाळ्यात रोपे वाटण्यापूर्वी त्यांनी वर्गाला गावातील एखाद्या वृद्धासह हिंडवून आणावे आणि बुजविलेली बावखले कोठे होती, ते मुलांच्याच हातांनी नकाशावर मांडून घ्यावे.