कोऱ्या रकान्याची विचारपूस

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत महाविद्यालयाचं दप्तर कुणी एका दिवसात टाकत नाही. आधी आठवड्यातले दोन दिवस बुडतात, मग प्रॅक्टिकल राहतं, केटी लागते आणि एका सत्राला परीक्षेचा फॉर्मच भरला जात नाही. शिक्षण सोडल्याची नोंद कुठेच होत नाही. हजेरीपटातला रकाना तेवढा कोरा राहतो. यामागची कारणं आळसाची नाहीत. दिवाळी झाली की इथली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे महाविद्यालयाचं दुसरं सत्र नेमकं भट्टीच्या हंगामात येतं. ज्यांचं घर हलत नाही त्यांना फार्महाउसवरची किंवा खोपोलीकडच्या कारखान्यांतली रोजंदारी खुणावते. शिष्यवृत्ती उशिरा आली, तरी खोलीचं भाडं आणि पासाचे पैसे थांबत नाहीत.

देशपातळीवर आपण मोजतो ते प्रवेश. 2021-22च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण 28.4 टक्के होतं, अनुसूचित जमातींमध्ये 21.2. दाखल झालेल्यांपैकी टिकले किती, हे या आकड्यांतून कळत नाही. अठरा वर्षांच्या मुलामागे प्राध्यापकांनी किती धावायचं, असं कुणी विचारेल. प्राध्यापकांवरचा बोजा खरा आहे. पण पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमावर बोट ठेवून परीक्षेला बसू न देण्याइतका वेळ व्यवस्थेकडे असतो. तोच हजेरीपट दहाव्या दिवशी उघडून एक फोन करायला त्याहून जास्त वेळ लागत नाही. दुसरा आक्षेप नव्या शैक्षणिक धोरणाचा आधार घेतो: वर्षभरानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, मग अडवायचं कशाला? सोय चांगली आहे. मात्र जानेवारीत भट्टीवर गेलेल्या मुलाचं पहिलं वर्षच पुरं होत नाही, त्याच्या हाती प्रमाणपत्रही पडत नाही. निवड करणं वेगळं आणि निसटून जाणं वेगळं.

काम आणि शिक्षण यांचं वैर असतं, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी कधीच मानलं नाही. साताऱ्यात 1947 साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हाच पाया होता. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात मुलांना मोबदल्याचे तास देणं आजही शक्य आहे. प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी दिवाळीच्या सुट्टीआधी एवढं करावं: कुणाचं घर स्थलांतर करणार आहे याची यादी करावी, त्या मुलांच्या राहण्याची सोय लावावी आणि जो परतला नाही त्याच्या वाडीवर माणूस पाठवावा.