जांभूळ की ब्लॅककरंट?

जिभेने खरं बोलावं की समोरच्याचं मन राखावं, हा प्रश्न मला आजवर फक्त सासुरवाडीच्या पंगतीत पडला होता. तिथे उत्तर सोपं असतं. 'वा, आमटी फक्कड!' म्हणायचं आणि पाण्याचा तांब्या हळूच जवळ ओढायचा. पण गेल्या महिन्यात आमच्या भाच्याने मला रेड वाइनच्या टेस्टिंगला नेलं आणि तोच प्रश्न काचेचे उंच पाय लावून पुढ्यात उभा राहिला.

मी कॉमर्सचा पदवीधर. द्रव पदार्थांशी माझा संबंध 'लिक्विड अ‍ॅसेट्स'पुरता. यजमान मात्र जाणकार. बाटलीवरचं साल हे द्राक्षं तोडल्याचं, बाटली भरल्याचं नव्हे, इथपासून त्यांनी सुरुवात केली. फ्रान्समधल्या बोर्दोला तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्या नाशिककडे त्याच सुमारास छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. बोर्दोत डाव्या तीरावर खडी-गोट्यांची जमीन, तिथे कॅबर्ने सोव्हिन्यों. उजव्या तीरावर चिकणमाती, तिथे मेर्लो. १९८२ साल तिकडे फार उत्तम गेलं म्हणे. माझा जन्म त्याच सालचा. पण ठेवून ठेवून माझी किंमत वाढल्याचं अजून कुणाच्या, निदान आमच्या हिच्या तरी, लक्षात आलेलं नाही.

पहिल्या फेरीत बाटल्या उघड्या होत्या. बोर्दोचा घोट घेऊन एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "ब्लॅककरंट!" दुसरे म्हणाले, "ब्लॅककरंट!" मीही म्हणालो, "ब्लॅककरंट." हे फळ मी जन्मात पाहिलेलं नाही, फार तर आइस्क्रीमच्या यादीत वाचलंय. तरी वीसपैकी सतरा मार्क देऊन टाकले.

दुसऱ्या फेरीत बाटल्यांना खाकी कागद. तिसऱ्या ग्लासाला माझ्या तोंडून निघून गेलं, "जांभूळ! जांभळानंतर जीभ ओढते ना, तश्शी." लोक हसले. चौथ्याला मी अकरा मार्क दिले. कागद निघाले तेव्हा तिसरी नाशिकची होती, आणि चौथी मघाचीच बोर्दो.

आता सांगा, मी खोटं कधी बोललो? सतराच्या वेळी, की अकराच्या?

यजमानांनी धीर दिला. म्हणाले, पॅरिसला २४ मे १९७६ रोजी असंच झालं. नऊ फ्रेंच परीक्षकांच्या झाकल्या परीक्षेत कॅलिफोर्नियाची १९७३ची स्टॅग्ज लीप पहिली आली आणि फ्रान्सची नामवंत मुतों रॉथशिल्ड मागे पडली. एका परीक्षक बाईंनी म्हणे आपला मार्कांचा कागदच परत मागितला. (मला त्या बाई फार जवळच्या वाटल्या.) शिवाय २००१ साली बोर्दोतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ती पोरं काही लबाड नव्हती हो. त्यांना तो वास खरोखरच आला असणार.

म्हणजे मलाही पहिल्यांदा सतरा मार्कांची चव खरोखरच लागली असेल. लेबल आधी जिभेवर चढतं, वाइन मागून येते. असं असेल तर मी निर्दोष! पण हा निकाल मला पचेना, कारण मला काउंटरवरचे एक आजोबा आठवले.

दर महिन्याला पेन्शन न्यायला यायचे. माझ्या हातून बारा वर्षं. एकदा अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि त्यांची सही थरथरली. मी कार्डावरची सही पाहिली, स्लिपवरची पाहिली आणि म्हणालो, "आजोबा, सही जुळत नाही." ते म्हणाले, "अहो, पण मी जुळतोय ना?" मी कार्डाकडेच बघत होतो. साहेबांनी आतून येऊन अंगठा घेतला आणि प्रकरण मिटलं. नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. आजोबा मात्र पुढच्या महिन्यापासून शेजारच्या खिडकीवर उभे राहू लागले. तिथली रांग नेहमी लांब असायची, तरी.

परतताना भाच्याने विचारलं, "मामा, पुढच्या महिन्यात इटलीच्या आहेत. येणार का?"

येतो म्हटलं. फक्त मार्क पेन्सिलीने लिहीन.