चित्रे पाहण्याचा हक्क कोणाचा?



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामाची सहल सातारा जिल्ह्यातील औंध येथे जाऊन आली. तेथील श्री भवानी वस्तुसंग्रहालयातील चित्रे व शिल्पे आपण पाहिली. त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका ज्येष्ठ बांधवांनी मला बाजूला घेऊन विचारले, "फादर, चित्रं बघायला एवढं बसभाडं? तेवढ्यात दोन लेकरांची वर्षाची फी भागली असती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते स्वतः दरवर्षी एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलतात. म्हणून दारातल्या दारात काहीतरी उत्तर देण्यापेक्षा येथे सविस्तर लिहीत आहे.

हा प्रश्न आपल्या भागात कोणी विचारला तर त्याला वजन असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात काय झाले, ते आपल्यातील चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले. जेथे पिण्याचे पाणी रुळांवरून येते, तेथे रंगवलेल्या कापडाचे कौतुक कोणी करायचे?

प्रश्न जुनाही आहे. बेथानी गावात मरियेने प्रभूच्या पायांवर महागडे सुगंधी तेल ओतले, तेव्हा ते विकून पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत, असे विचारणारा एक जण तेथे होताच. योहान आपल्याला त्याचा हेतू शुद्ध नव्हता असे सांगतो. पण क्षणभर हेतू बाजूला ठेवला तर त्याचा हिशोब चुकीचा होता का? तेवढ्या पैशात खरोखरच पुष्कळ लोक जेवले असते. आमच्या या बांधवांचा तर हेतूही शुद्ध आहे. तेव्हा त्यांना बायबलमधील एक दाखला देऊन गप्प बसवणे मला योग्य वाटत नाही.

आता औंधकडे वळू. हे गाव खटाव तालुक्यात आहे. पावसाच्या बाबतीत त्या मुलखाचे आणि आपले नशीब फारसे वेगळे नाही. औंध संस्थानही लहानसे होते, अवघ्या ७२ गावांचे. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनेही करत. त्यांनी रवि वर्मांची तैलचित्रे, जुनी लघुचित्रे, मूर्ती असा मोठा संग्रह जमवला होता. तो वाड्यात कुलपाखाली ठेवता आला असता. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगराच्या वाटेवर त्यासाठी इमारत बांधली आणि देवीला येणारा माणूस जाता-येता आत डोकावेल अशी सोय केली. आज हे संग्रहालय राज्य शासनाकडे आहे.

त्याच सुमारास, १९३८-३९ मध्ये, याच राजांनी आपली सत्ता रयतेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. गांधीजींचा सल्ला घेऊन, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या मदतीने राज्यघटना तयार झाली आणि ग्रामपंचायतींच्या हाती कारभार आला. ज्या शेतकऱ्याला गावचा कारभार कळेल असा भरवसा राजाला होता, त्यालाच चित्रही कळेल असा भरवसा त्याला होता. माझ्या मते या दोन गोष्टी एकाच मनातून आल्या आहेत. अर्थात, संग्रहाचे पैसे शेवटी रयतेच्या साऱ्यातूनच आले असणार, आणि ते खर्च करताना तिला कोणी विचारले होते का, हेही विचारायला हवे. राजा सज्जन होता म्हणून तो प्रश्न रद्द होत नाही.

दालनात शिरल्यावर आपली मंडळी पहिली पंधरा-वीस मिनिटे कशी वागली, ते मी पाहत होतो. चपला वाजू नयेत म्हणून सगळे जपून चालत होते. चित्रापेक्षा खालची पाटी जास्त वाचली जात होती. "आम्हाला काय कळतंय यातलं," हे वाक्य मी पाच-सहा जणांच्या तोंडून ऐकले. मग एक आजी हेन्री मूर यांच्या आई-मुलाच्या दगडी शिल्पापुढे थांबल्या. बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. मी सांगितले की, हे एका इंग्रज शिल्पकाराचे काम आहे, जगभर नावाजलेला माणूस. बाप कोळशाच्या खाणीत कामाला होता त्याचा. आजी म्हणाल्या, "मग त्याला दगड कळणारच की. अन् माय बी कळली बघा." एवढे बोलून त्या पुढच्या खोलीत गेल्या. सेमिनरीत मी सौंदर्यशास्त्राचा जो पेपर लिहिला होता, त्यात एवढे नेमके वाक्य नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुंदर म्हणजे काय हे सांगताना फार साधी खूण दिली आहे: जे नुसते पाहिल्याने आनंद होतो ते. पुढे कांट या तत्त्वज्ञाने म्हटले की, या आनंदात ती वस्तू आपल्या मालकीची व्हावी ही इच्छा नसते. आता आपण दिवसभर कसे पाहतो ते आठवा. बाजारात भाव पाहतो, रानात ढग पाहतो, बँकेत सही कुठे करायची ते पाहतो, डॉक्टरकडे त्याचा चेहरा पाहतो. प्रत्येक पाहण्यामागे गरज किंवा धास्ती असते, आणि ज्याच्याकडे पैसा कमी त्याचे सगळेच पाहणे त्यात संपून जाते. चित्रांच्या दालनात तुमच्याकडे कोणी काही मागत नाही. विकत घ्यायचे नाही, नवसही बोलायचा नाही. मग अशा जागेची जास्त गरज कोणाला? ज्याच्या दिवाणखान्यात चित्र आहे त्याला, की ज्याच्या घरी भिंतीवर फक्त दुकानाचे कॅलेंडर आहे त्याला?

आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही, असेही नाही. नीलकंठेश्वराच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे आपल्या गावातच आहेत. औशाकडे जाताना खरोसा लेणी आहेत. २०१९ च्या शिवजयंतीला आपल्या निलंग्याचे कलाकार मंगेश निपाणीकर यांनी रानात बी पेरून गवतातून शिवाजी महाराजांचे प्रचंड चित्र साकारले होते. बांधावर उभे राहिले तर नुसते हिरवे गवत, उंचावरून पाहिले तर महाराज. कमी आहे ती थांबण्याची सवय. ती कोणाला जन्मतः नसते. चार वेळा गेल्यावर लागते.

तरीही फीचा मुद्दा शिल्लक राहतोच. माझे म्हणणे असे: पैसे खरोखरच एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी फी. त्यात विचार करण्यासारखे काही नाही. मूल घरी बसले असताना कोणी बस ठरवू नये. पण 'हे किंवा ते' हा पेच आपण कुठे घालतो, तेही पाहावे. लग्नाचा मांडव, बँड, स्टेजवरच्या फुलांची कमान, या वेळी लेकरांची फी कोणाला आठवत नाही. चित्र किंवा पुस्तक म्हटले की लगेच आठवते. आणि गरिबाला भाकरीपलीकडे काही लागत नाही, हे परस्पर ठरवणारे लोक बहुधा पोटभर जेवलेले असतात. त्या आजींना विचारून कोणी हे ठरवलेले नाही.

बांधवांशी माझे यावर पुन्हा बोलणे झाले. त्यांना सगळे पटले नाही. पुढची सहल काढताना आधी फी-निधीत किती जमा आहे ते जाहीर करावे, असे त्यांनी सुचवले. ते मला मान्य आहे आणि तसेच होईल.

युवकांनी सभागृहाची आतली लांब भिंत चुना मारून मोकळी केली आहे. गोधड्या, मुलांची चित्रे, जुने विणकाम, घरी कोणी कोरलेले लाकूड, जे असेल ते शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून द्यावे. मागे नाव लिहावे. बक्षीस नाही, परीक्षकही नाहीत. मिस्सा झाल्यावर तासभर दार उघडे राहील. फी-निधीची पेटी नेहमीप्रमाणे त्याच दाराशी आहे.