तळणीपासून उठताना

चि. भाचीस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण हे तू दोनदा वाचावंस असं वाटतं, म्हणून कागदावर लिहिते आहे.

तू विचारतेस, “मी तळणीपाशी नसले, तर या धंद्यात माझं काम काय?” डॉक्टरांनी मनगटाला विश्रांती सांगितली म्हणून हा प्रश्न निघाला, हे बरंच झालं. आज तुझ्याकडे दहा-बारा बायका कामाला आहेत, दुकानं माल मागतात, परदेशातल्या मराठी घरांची फराळाची पार्सलं दिवाळीच्या कितीतरी आधी रवाना करावी लागतात. तरी प्रत्येक घाण्यातली पहिली चकली तूच मोडून बघतेस, आणि घरी पोचतेस तेव्हा मुलगी झोपलेली असते. तू याला जबाबदारी म्हणतेस. मला ती धंद्यातली अडचण वाटते, म्हणून आधी धंद्याचंच बोलते.

तुझ्या चकलीची कृती आज कुठे लिहिलेली आहे? कुठेच नाही. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, हे सगळ्यांना येतं. चकली तेलात विरली तर मोहन जास्त झालं आणि कडक झाली तर कमी पडलं, हेही तुझ्याकडची प्रत्येक बाई सांगेल. पण जास्त म्हणजे किती, उडीदडाळ कोणत्या रंगावर उतरवायची, पावसाळी हवेत पीठ भिजवताना पाणी किती कमी करायचं, हे तुझ्या एकटीच्या बोटांत आहे. तू तापानं आठ दिवस पडलीस तर दुकान चालू राहील, चकली मात्र बदलेल.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं. तोवर मुलगी विचारायची आणि आई सांगायची, “अंदाजानं घाल.” कमलाबाईंनी तो अंदाज वाटी-चमच्याच्या मापात आणला, म्हणून माहेरापासून लांब संसार मांडलेल्या मुलींना पुस्तक उघडून पुरणपोळी करता आली. हातातली गोष्ट कागदावर उतरवणं हे फार मोठं काम आहे. तुझं पुढचं काम तेच. किलोभर पिठाला मोहन किती ग्रॅम, कोणत्या शेगडीवर कोणती डाळ किती मिनिटं, सगळं वजनकाट्यावर घेऊन लिही. नव्या हंगामाची डाळ आली की प्रमाण पुन्हा तपासायचं, आणि ते कोणी तपासायचं, हेही लिही.

लोक म्हणतात, तुझ्या हाताला चव आहे. ऐकायला गोड वाटतं, मलाही वाटायचं. पण याच कौतुकानं बाई जन्मभर चुलीपाशी खिळून राहते, हे मी फार घरांत पाहिलं आहे, आणि मला त्याचा राग येतो.

लिज्जतची गोष्ट तुला ठाऊक आहेच, पण तिच्यातली एक बाजू नीट बघ. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. आज तिथे हजारो जणी आहेत. हे कसं जमलं? पीठ शाखेत एका जागी मळलं जातं, तिथून बायका ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि पापड परत आणून देतात. ते तपासून घेतले जातात, लाटणावळ मिळते. म्हणजे पीठ आणि तपासणी हातात ठेवली, लाटणं सोडून दिलं. चव पिठात होती, म्हणून लाटणं सोडता आलं. शिवाय लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालक, आणि कामाची वेळ तिच्या घराला सोयीची. त्या सात जणींनी प्रत्येक पापड आपल्याच हातून गेला पाहिजे असा हट्ट धरला असता, तर तो पापड गिरगावाबाहेर किती गेला असता?

तुझ्याकडे चव भाजणीत आहे. भाजणीचं प्रमाण तू धर, मालाचा दर तू ठरव. तळण, पॅकिंग, पार्सलं सोडून दे. सोडायचं म्हणजे अधिकारासकट सोडायचं. तळणीवरच्या सगळ्यात जुन्या बाईंना सांग की घाणा बिघडला असं वाटलं तर तुला न विचारता बाजूला काढा. तू पास केला असतास असा एखादा घाणाही त्या काढतील. तेव्हा सगळ्यांसमोर त्यांचा शब्द फिरवू नकोस. नुकसान खर्चात मांड आणि पुढे जा. एकदा तरी त्यांचा शब्द फिरवलास, की त्या पुन्हा प्रत्येक चकली तुझ्यासमोर धरतील.

आता घराचं. तुझ्या मुलीविषयी मी काही शिकवणार नाही, तुला ते माझ्यापेक्षा जास्त टोचतं. मला दुसऱ्याच घरांची आठवण करून द्यायची आहे. दिवाळीच्या तोंडावर तू रात्री नऊपर्यंत थांबतेस, तेव्हा तुझ्या बायकाही थांबतात. मालकीण उठल्याशिवाय कोण उठणार? गावभराचा फराळ करून त्या घरी जातात आणि स्वतःच्या पोरांसाठी रात्री अकराला कढई चढवतात. तू सातला उठलीस तर त्याही उठतील. त्यासाठी ऑर्डरी घेण्याची शेवटची तारीख ठरव, ती सगळ्या गिऱ्हाइकांना कळव आणि मोडू नकोस. काही जण नाराज होतील, होऊ देत.

तू म्हणशील, परवडत नाही. इथे खरी गोम आहे. किलोचा दर काढताना तू डाळ, तेल, गॅस, मजुरी, पाकिटं सगळं धरतेस, तुझे तास धरत नाहीस. म्हणून तळणीवर तुझ्या जागी कोणाला ठेवायचं म्हटलं की तिच्या पगाराला पैसेच उरत नाहीत. तुझी फुकटची मेहनत त्या दरात दडलेली आहे. आपल्याकडे बाईच्या रांधण्याला किंमत लावायचा संकोच जुना आहे. गिरणगावातल्या खानावळवाल्या कामगारांना दोन्ही वेळ जेवू घालायच्या आणि स्वतः वाण्याच्या उधारीत बुडालेल्या असायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला धंदा म्हणून मान मिळू लागला. तू शिकलेली आहेस, हिशोब स्वतः लिहितेस. त्यात स्वतःला पगार लाव. मग दर किती वाढवायचा ते दिसेल. वाढव. तुझं गिऱ्हाईक तेवढ्यानं तुटणार नाही.

मनगट बरं होईपर्यंत भाजणीचा कागद लिहून होऊ दे. तोंडानं सांग, पाहिजे तर मुलीला लिहायला बसव, तिचं अक्षर छान आहे. आणि पगाराचा आकडा ठरला की मला कळव. कमी लिहिलास तर कागद परत पाठवीन.

तुझी,
मावशी