फळाला कुंपण

अमेरिकेतल्या सरकारी प्राथमिक शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात आणि झाडांची पानं रंगायला लागेपर्यंत पालकांच्या मागे कामांचा ससेमिरा लागलेला असतो. देणग्या जमवण्यासाठी चालायची वॉकेथॉन, बुक फेअर, हॅलोविनची मिरवणूक, फॉल फेस्टिव्हल, थँक्सगिव्हिंगच्या आधी गरजू कुटुंबांसाठी डबाबंद अन्न जमवणं. शिक्षकांना एकट्यानं हे झेपणारं नसतं. मग पालक-शिक्षक संघटना, म्हणजे पीटीए, यादी काढते. रिंग टाकण्याच्या खेळाजवळ कोण उभं राहणार, पिझ्झा कोण वाटणार, शेवटी खुर्च्या कोण आवरणार? आईवडील आपापली नावं घालतात. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत दसरा-दिवाळीही याच सुमारास येते, त्यामुळे चकलीचा सोऱ्या आणि शाळेची ड्यूटी बरोबरीनं सांभाळावी लागते. वरकरणी सगळा किरकोळ मामला, पण धर्मविचारातला एक जुना पेच त्यात दडलेला आहे. मूल दुसऱ्या शाळेत गेलं की बहुतेक पालक या शाळेची पायरी पुन्हा चढत नाहीत. म्हणजे जे केलं ते मुलासाठी, आणि मूल तर आपलंच. अशा कामाला सेवा म्हणायचं, की सभ्य वेशातला स्वार्थ?

शास्त्राची तागडी घेतली तर निकाल झटपट लागतो. गीतेचा सतरावा अध्याय दानाच्या प्रती लावतो. परतफेड करू न शकणाऱ्याला, केवळ द्यायला हवं म्हणून दिलेलं दान सात्त्विक. उलट काही मिळावं म्हणून किंवा कुरकुरत दिलेलं राजस. फॉल फेस्टिव्हलमध्ये दोन तास उभ्या राहणाऱ्या आईच्या मनात काहीतरी मिळवायचं असतंच. बाईंशी ओळख व्हावी, वर्गात काय चाललंय ते कळावं, लेकीला अभिमान वाटावा. यादीत सतत नाव गाळलं तर बरं दिसत नाही म्हणून येणारे कुरकुरेही असतात. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर याहून कडक. १७८५ साली त्यानं मांडलं की ओढीतून घडलेलं चांगलं कृत्य कौतुकास्पद असेल, पण त्याला नैतिक मोल येतं ते कर्तव्यबुद्धीतून घडलं तरच. पोटच्या पोराच्या ओढीइतकी प्रबळ ओढ दुसरी कुठली? तेव्हा दोन्ही परीक्षांत हे पालक नापास. मला हा निकाल घाईचा वाटतो. त्यात तोलली जाते ती फक्त देणाऱ्याच्या मनातली भावना, आणि ती अचूक तोलणारा काटा कुणापाशीच नाही, खुद्द देणाऱ्यापाशीही नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा संवाद बृहदारण्यक उपनिषदात आहे. घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य संपत्तीची वाटणी करू बघतो तेव्हा मैत्रेयी त्याला विचारते, की ज्यानं मी अमर होणार नाही ते घेऊन करू काय? तिला दिलेल्या उत्तरात याज्ञवल्क्य एकेक नातं उचलतो. पती, पत्नी, पुत्र, धन, देव, भूतमात्र. पुत्र प्रिय असतो तो पुत्रासाठी नव्हे, आत्म्यासाठी, असं तो सांगतो. हे वाक्य निराश माणसाच्या हाती लागलं तर तो म्हणेल, बघा, सगळं प्रेम शेवटी स्वतःवरचंच. पण याज्ञवल्क्याचा रोख तिकडे नाही. तो लगेच म्हणतो की हा आत्मा बघायला, ऐकायला, चिंतायला हवा, कारण तो एका देहात मावणारा नाही. म्हणजे प्रेमात ‘मी’ आहे हा दोष ठरत नाही. तो ‘मी’ आखूड आहे, हा दोष. पुत्रप्रेम ही मग त्या ‘मी’ची घराबाहेर पडण्याची पहिली पायरी ठरते. तिच्यावरच कुणी बैठक मारली तर चूक पायरीची नाही. हे मान्य केलं की ‘या कामात स्वार्थ आहे का’ हा प्रश्न गळून पडतो आणि ‘यातला स्व किती लांब पोचलाय’ हा प्रश्न उरतो. मनातल्या भावनेपेक्षा याचं उत्तर शोधणं सोपं आहे, कारण कामाचं फळ कुणाच्या पदरात पडतं ते बाहेरून दिसतं.

असा लांब पोचलेला ‘स्व’ पीटीएच्या इतिहासातच सापडतो. १८९७ साली वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅलिस बर्नी आणि फिबी हर्स्ट यांनी मातांची राष्ट्रीय काँग्रेस भरवली, तिचीच पुढे पीटीए झाली. पण दक्षिणेतल्या राज्यांत कायद्यानंच शाळा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या अशा वेगळ्या होत्या. अटलांटातल्या सेलिना स्लोन बटलर या कृष्णवर्णीय बाईंना आपल्या लहान मुलासाठी जवळपास बालवाडी मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरात बालवाडी सुरू केली. मुलगा योंग स्ट्रीट शाळेत गेला, तशा त्याही त्याच्या मागोमाग गेल्या आणि १९११ मध्ये तिथे कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांची संघटना उभी केली. तिथून राज्य, आणि १९२६ मध्ये राष्ट्रीय संघटना. १९७० साली दोन्ही राष्ट्रीय संघटना एक झाल्या. आज बटलर यांची गणना पीटीएच्या संस्थापकांत होते. सुरुवातीच्या हेतूवर बोट ठेवणाऱ्यानं इथे काय म्हणायचं? हेतू शंभर टक्के आपल्या लेकराचा होता. फळ ज्यांना मिळालं त्यांतली बहुतेक मुलं बाईंनी कधी पाहिलीही नसतील.

आता याच कामाची दुसरी बाजू. शरद ऋतूतल्या बहुतेक कार्यक्रमांच्या पोटात निधी गोळा करणं असतं. अमेरिकेत सरकारी शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता-करातून निघतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीतल्या शाळा आधीच सुस्थितीत असतात आणि त्यांचेच पालक वॉकेथॉनमध्ये सर्वांत जास्त पैसे उभे करतात. सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार सर्वांत श्रीमंत ५० पीटीएंनी वर्षाला सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर उभे केले. देशातल्या सगळ्या पीटीए मिळून जे जमवतात त्याचा हा जवळजवळ दहावा हिस्सा, आणि त्या ५० शाळांत शिकणारी मुलं देशातल्या मुलांच्या हजारात एक. त्या पैशातून कुठे जादा शिक्षक येतो, कुठे संगीताचा तास चालू राहतो. अशा देणग्यांवर करसवलतही मिळते, म्हणजे ‘आमच्या खिशातले पैसे आमच्या शाळेला’ म्हणणाऱ्याच्या दानाचा काही भार शेजारच्या गरीब वस्तीतला करदाताही उचलत असतो. इथे राबणारी आई बटलर यांच्याइतकीच प्रेमळ आहे, घामही तितकाच गाळते. तिचं मन तपासलं तर कदाचित दोघींत काडीचाही फरक सापडणार नाही. फरक एवढाच की इथे फळाला कुंपण घातलेलं आहे. भावनेच्या तागडीला हा फरक कधीच कळणार नाही, म्हणून ती तागडी मला पुरेशी वाटत नाही.

कुंपण काढायला गेलं की काय होतं हेही दिसलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका-मलिबू स्कूल डिस्ट्रिक्टनं, म्हणजे त्या परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेनं, २०११ मध्ये ठरवलं, की शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी पालकांनी उभारलेला पैसा एकेका शाळेकडे न जाता मध्यवर्ती निधीतून सगळ्या शाळांत वाटला जाईल. मलिबूतल्या पालकांनी कडाडून विरोध केला आणि स्वतंत्र डिस्ट्रिक्टच्या त्यांच्या मागणीला त्यातून आणखी जोर आला. विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद फेटाळण्याजोगा नव्हता. ते म्हणत, आपल्या मुलांची काळजी हा आमचा स्वधर्म आहे (शब्द अर्थातच त्यांचा नव्हे, आपला), आणि पैसा दूर जाणार असेल तर लोक देणारच नाहीत. आईबापांनी आपल्या मुलाला आधी पाहावं हे कुणीही नाकारणार नाही. घरच्या लेकराला उपाशी ठेवून गावजेवण घालणाऱ्याला आपण संत म्हणत नाही. पण स्वधर्म घरी पाळायला कुणाची आडकाठी आहे? मुलीला सतार शिकवा, शिकवणी लावा, पुस्तकं आणा. सरकारी शाळा ही मात्र आधीपासूनच सामाईक जागा आहे. सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या जागेत फक्त आपल्या गल्लीच्या पंक्तीला जास्तीचं वाढणं हा स्वधर्माचा विस्तार नाही, संकोच आहे. लोक देणार नाहीत, या भीतीत मात्र तथ्य आहे. तिच्यावर उपाय असा की थोडं आपल्या शाळेला, थोडं सामाईक निधीला. सगळं कुंपण एका दिवसात पाडा असं कुणी म्हणू नये.

गीतेचा अभ्यासक इथे अडवेल. गीता म्हणते फळावरचा अधिकार सोड; तुम्ही तर फळाचाच हिशेब मांडताय! विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत सांगितलं की बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची, चित्तशुद्धीची जोड मिळाली तरच ते निष्काम होतं. मग मनाला वगळून कसं चालेल? आक्षेप वजनदार आहे आणि मन वगळायचं नाहीच. पण गीता सोडायला सांगते ती फळाची आसक्ती. फळ कुणाला मिळतं याबद्दल बेफिकीर राहा असं ती म्हणत नाही. तसं असतं तर तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचं, म्हणजे समाज सांभाळण्यासाठी कर्म करण्याचं, कारणच उरलं नसतं, आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी त्यावर एवढा भर दिला नसता. फळ दुसऱ्याच्या पदरात पडेल अशी कामाची रचना करणं हीच आसक्ती सैल करण्याची हुकमी वाट आहे. एखादी आई स्वतःच्या मुलीसाठी आली तरी खेळाच्या टेबलाजवळ उभी राहिल्यावर तिला रांगेतल्या प्रत्येक पोराच्या हातात रिंग द्यावी लागते. रडणाऱ्याला समजवावं लागतं, दोनदा घुसणाऱ्याला मागे पाठवावं लागतं, आणि त्या घुसणाऱ्यांत तिची मुलगीही असू शकते. विकर्म आधी आणि कर्म नंतर असा क्रम विनोबांनी कुठे घातलाय असं मला वाटत नाही. पुष्कळदा हात आधी शिकतो, मन मागून येतं.

शिवाय जे या कामाकडे मुलासाठीची गुंतवणूक म्हणून पाहतात, त्यांच्यासाठी एक गैरसोयीची माहिती आहे. कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस या समाजशास्त्रज्ञांनी अनेक दशकांची राष्ट्रीय आकडेवारी चाळून २०१४ मध्ये दाखवलं, की पालक घरी आणि शाळेत जे जे करतात त्यातल्या बहुतेक गोष्टींमुळे मुलांचे गुण वाढतात असं ठामपणे सांगता येत नाही. म्हणजे फळ हातात नाही, हे फक्त कुरुक्षेत्रावरच खरं नाही. म्हणून या पालकांना हसायचं कारण नाही. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी नोंदवलंय की पीटीएची सभासदसंख्या १९६४ मधल्या सव्वा कोटीच्या आसपासून १९८२ पर्यंत ५० लाखांवर घसरली आणि पुढे ७० लाखांच्या आसपास आली. एवढी माणसं घरी बसत असताना, आलेल्यांना दारातच हेतूची प्रश्नपत्रिका देणं म्हणजे सभागृह रिकामं करणं. आसक्तीनं का होईना, काम करणाऱ्याचा बुद्धिभेद करू नये, हे गीतेनं त्याच तिसऱ्या अध्यायात बजावलंय.

माझ्या मते सर्वांत बोचरा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला माझ्यापाशी पुरतं उत्तर नाही. दुपारी दोन वाजता शाळेत येऊ शकणारा पालक कोण? ज्याला रजा मिळते तो, किंवा जिची नोकरी सुटली आहे ती. व्हिसाच्या अटींमुळे घरी बसलेल्या भारतीय बायका यात काही थोड्या नाहीत. तासावर मजुरी घेणारी, दोन पाळ्यांत काम करणारी आई यादीत नाव घालू शकत नाही, आणि मग ‘या घरचं कुणी कधी येत नाही’ असं शाळेत बोललं जातं. कुंपण पैशाचंच असतं असं नाही, वेळेचंही असतं. शनिवारी सकाळी ठेवलेला कार्यक्रम किंवा घरबसल्या करता येणारं काम यानं ते थोडं वाकतं, पण मोडत नाही. निदान न येणाऱ्याच्या गैरहजेरीवरून त्याचं प्रेम मापू नये, एवढं तरी पाळता येईल.

शेवटी प्रश्न उरतो देवाचा. हॅलोविन न मानणारी घरं असतात, म्हणून बऱ्याच शाळा उत्सवाला नुसतंच फॉल फेस्टिव्हल म्हणतात. सरकारी शाळेत अधिकृत प्रार्थना तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या एंगल खटल्यातल्या निकालापासून बंदच आहे. देवच नाही तिथे कर्मफळ कुणाला अर्पण करायचं, असं आपल्याकडचा भाविक विचारील. तिथे दुसऱ्यांची मुलं आहेत. ईश्वरार्पण करणाऱ्यालाही त्यात अडचण येऊ नये.

या शरद ऋतूत यादी येईल तेव्हा नाव जरूर घाला, आणि मुलासाठी घालताय याची लाज बाळगू नका. फक्त पीटीएच्या सभेत वॉकेथॉनचा हिशेब वाचला जाईल तेव्हा हात वर करून एवढं विचारा, की यातले किती डॉलर आपल्याच डिस्ट्रिक्टमधल्या, पीटीए नसलेल्या शाळेला जाणार आहेत.