गणितातील शब्दप्रामाण्य

ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले असता गुणाकार धन येतो, हा नियम फळ्यावर लिहिला जातो आणि सारा वर्ग तो सरकारी फर्मानाप्रमाणे निमूटपणे वहीत उतरवून घेतो, तेव्हा त्या मुलांना ज्ञान मिळाले की नुसती आज्ञा, हा प्रश्न वरकरणी अध्यापनाचा भासला तरी मूलतः प्रमाणमीमांसेचा आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या पंक्तीला नैयायिकांनी आप्तवाक्यही बसविले, त्याविषयी माझी तक्रार नाही. जगाचा बहुतेक व्यवहार त्याच्याच भरवशावर चालतो. परंतु गणितातले वचन गुरुजींनी उच्चारले म्हणून खरे ठरत नाही, आणि ज्याला तेवढेच कारण ठाऊक आहे त्याचे उत्तर अचूक असले तरी त्याला ज्ञान झाले असे म्हणवत नाही.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटीस एका अशिक्षित गुलाम मुलाला, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कोणत्या बाजूवर उभा राहील, असे विचारतो. मुलगा आधी बाजू दुप्पट करतो, तेव्हा ८ ऐवजी १६ येतात. मग तीन फूट धरतो, तेव्हा ९ येतात. पुढे तो निरुत्तर होतो आणि अखेर कर्णापाशी पोचतो. यावरून आत्म्याला जन्मापूर्वीच्या ज्ञानाचे स्मरण होते असा सिद्धान्त सॉक्रेटीस काढतो, तो मला अनावश्यक वाटतो. (त्याचे बरेचसे प्रश्न ‘होय’ एवढ्याच उत्तराची तजवीज करणारे आहेत, हे कोणताही वकील सांगेल.) तथापि मुलाचे मत अद्याप स्वप्नवत् आहे, तेच नाना प्रकारांनी वारंवार विचारले गेले म्हणजे त्याचे ज्ञान होईल, ही त्याची कबुली मात्र अमोल आहे.

आपल्या परंपरेतही हा आग्रह होता: उपपत्तीवाचून, म्हणजे नियमामागचे कारण दाखविल्यावाचून, गणकाला विद्वत्सभेत प्रतिष्ठा नाही, असे भास्कराचार्यांनी बजावले होते, नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ लिहून त्यांच्या ‘लीलावती’तील नियमांना उपपत्ती दिल्या, आणि कृष्ण दैवज्ञाने ऋणत्व दिशेच्या आधारे उलगडले, पूर्व धन तर पश्चिम ऋण. आम्ही ‘लीलावती’चे कौतुक करतो ते बहुधा तिच्यातील भुंग्यांसाठी आणि हंसांसाठी!

नियम सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याला ऋण दोनला क्रमाने तीन, दोन, एक आणि शून्य यांनी गुणू द्यावे. −६, −४, −२, ० अशी दोनदोनने चढणारी ओळ पाहिल्यावर, पुढे ऋण एकाने गुणल्यास काय यावे, हे तो आपण होऊन सांगेल. ही सिद्धता नव्हे. क्रम पुढे मोडणार नाही कशावरून, अशी शंका एखादी चिकित्सक मुलगी काढीलच, आणि तिची खातरजमा करण्यासाठी वितरणाचा नियम हजर करावा लागेल. या सर्वाला तासिका पुरत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण न समजलेला नियम पुढच्या प्रत्येक इयत्तेत पुन्हा घोटून घेण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

शब्दप्रामाण्याला गणितात मुळीच जागा नाही असेही नव्हे. वर्तुळाचे अंश ३६० मानावयाचे, हा प्राचीन संकेत आहे. त्याची सिद्धता शोधणाऱ्या मुलाला, येथे सिद्ध करण्यासारखे काही नाही, हे उघडपणे सांगावे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते, हे सांगताना मात्र तोच अधिकारवाणीचा स्वर लावू नये, कारण दोन्ही विधाने एकाच स्वरात ऐकलेल्या मुलाला पहिले ठरविलेले आणि दुसरे सिद्ध झालेले आहे, हे कळावयास मार्ग उरत नाही.